पबात तीन रात्री, आई-बाबांना घेऊन

सगळ्यात आधी सांगते की पबात राहायची हौस वगैरे काही नव्हती, हॉटेलं परवडेनात म्हणून झालं. मे महिन्यातला वीकेंड, इंग्लंडमधलं सॉल्सबरी, कॅथेड्रलच्या आसपास दोन खोल्या, असं शोधायला बसले आणि आकडे बघून लॅपटॉप मिटला. दुसऱ्या दिवशी नकाशा जरा मोठा करून बघितला तर शहराबाहेर पाच-सहा मैलांवर, एबल नावाची छोटी नदी आहे तिच्या खोऱ्यात, एक जुना पब दिसला, खाली बार, वर चार खोल्या, ब्रेकफास्ट धरून शहरातल्यापेक्षा निम्म्यात. बुक करून टाकलं. नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही त्यामुळे मीच गाडी चालवणार, सोबत नाशिकहून आलेले आई-बाबा. आईला सांगितलं, गावातलं छोटंसं हॉटेल आहे. तसं खोटं काही नव्हतं.

लंडनमधल्या हाउन्स्लोहून निघालो, एम-थ्री, मग ए-303, वाटेत सर्व्हिसेसला चहा, आणि बरोब्बर सव्वातीनला पबासमोर हजर. दार बंद. दारावर खडूने लिहिलेलं, दुपारी 3 ते 6 बंद. बुकिंगच्या ईमेलमध्ये हे लिहिलेलं असणार, मी वाचलं नव्हतं. खेड्यातले बरेच पब दुपारी असे बंद ठेवतात हे नंतर कळलं, म्हणजे आपल्या पुण्याचा एक ते चार काही जगावेगळा नाही. फोन लावावा तर नेटवर्कला एक काडी पण नाही, दोन्ही बाजूंनी खडूच्या टेकड्या आणि मधल्या खळग्यात आम्ही. पाऊस सुरू झाला. मग गाडीतच बसून आईने डबा उघडला, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी, आणि खाता खाता तिची नजर वर टांगलेल्या चित्राच्या पाटीवर गेली.

"अगं, हा दारूचा गुत्ता आहे का?"

मी म्हणलं आई, पब आहे, इथे पब म्हणजे तसलं काही नसतं. ती म्हणाली पुण्यात पब असतात ते मला माहितीयेत, पेपरात येतं. बाबा मागच्या सीटवरून म्हणाले, अगं गुत्त्याला एवढी चांगली पाटी कोण लावतं. गंमत म्हणजे पाटीचं लफडं खरंच जुनं आहे, 1393 साली दुसऱ्या रिचर्ड राजाच्या काळात कायदाच केला होता की जो एल, म्हणजे तिथली बिअर, बनवून विकतो त्याने बाहेर खूण टांगायची, म्हणजे तपासणीसाला कुठे चव घ्यायची ते कळेल. बहुतेकांना वाचता येत नव्हतं म्हणून चित्रं. तेव्हापासून हे सिंह, मुकुट, ओकची झाडं लटकताहेत. आईला हे सगळं सांगितलं तर म्हणाली, म्हणजे गुत्ताच.

सहाला दार उघडलं. आणि इथे माझी दुसरी चूक, मी रिसेप्शन शोधत बसले. तसलं काही नसतं. बारवरच जायचं, तिथे जो ग्लास पुसत असतो तोच मॅनेजर, तोच बुकिंगवाला, तोच मालक. त्याला लँडलॉर्ड म्हणतात, आणि यात घोळ असा की आपण लंडनमध्ये घरमालकाला लँडलॉर्ड म्हणतो पण पबाचा लँडलॉर्ड म्हणजे पब चालवणारा, इमारत त्याची असेलच असं नाही, पुष्कळदा ती ब्रुअरीची, म्हणजे बिअर बनवणाऱ्यांची, किंवा कंपनीची असते आणि मग बिअर त्यांच्याकडूनच घ्यावी लागते. ज्याच्यावर हे बंधन नाही तो फ्री हाउस. पाटीवर फ्री हाउस वाचून बाबांना वाटलं होतं राहायचं फुकट आहे.

लँडलॉर्ड साठीचा, उंच, ढगळ स्वेटर. त्याने ना पासपोर्ट मागितला ना सही घेतली, दोन किल्ल्या दिल्या, एक खोलीची आणि एक मागच्या दाराची, म्हणाला अकरानंतर आम्ही झोपतो, तुम्ही मागून या. बस. झाला चेक-इन.

जिना एवढा उभा की आईला मागून आधार द्यावा लागला, आणि वर लाकडी तुळई इतक्या खाली की तिच्यावर पाटीच होती, 'डक ऑर ग्राउस', म्हणजे वाका नाहीतर कुरकुर करा, आणि दोन्ही पक्ष्यांची नावं पण. मी हा विनोद आईला समजावत असतानाच बाबांचं डोकं आपटलं. खोलीची जमीन एका बाजूला उतरती, टेबलावर ठेवलेला माझा पेन आपोआप खिडकीकडे निघाला. बेसिनला गरम पाण्याचा नळ वेगळा, गारचा वेगळा, एकात हात भाजतो दुसऱ्यात गारठतो. पण गाद्या मस्त, खिडकीतून चर्चचा बुटका टॉवर आणि मेंढ्या, आणि ट्रेमध्ये किटली, टी-बॅग, दोन शॉर्टब्रेड. किटली दिसल्यावर आईचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. तिच्या बॅगेत दडपे पोह्यांपासून मेतकुटापर्यंत सगळं होतं, गरम पाणी मिळालं की ती कुठेही संसार मांडू शकते.

रात्रीच्या जेवणाचं सांगते कारण पहिल्यांदा जाणाऱ्याचा तिथेच गोंधळ होतो. टेबलावर कोणी येत नाही. आम्ही वीस मिनिटं शहाण्यासारखे बसून होतो, आजूबाजूच्या सगळ्यांचं खाणं येतंय, आमच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, आईला वाटलं आपल्याला मुद्दाम टाळताहेत. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या बाई हळूच म्हणाल्या, बारवर जाऊन सांगावं लागतं हं. तर आधी टेबलाचा नंबर बघायचा, मग बारवर जायचं. तिथे रांग दिसत नाही, सगळे आडवे पसरून उभे असतात, पण रांग असते! कोण कोणाच्या आधी आलं हे प्रत्येकाला पाठ असतं, आणि बारवाल्याने चुकून मला आधी विचारलं तर शेजारच्याकडे हात करून 'यांचा नंबर आहे' म्हणायचं. हे एकदा म्हणलं की तुम्ही त्यांच्यातले. नोटा हलवायच्या नाहीत, चुटक्या तर अजिबात नाही. टिपचीही पद्धत वेगळी, बारवर सुटे पैसे ठेवत नाहीत, खूश असाल तर 'अँड वन फॉर युअरसेल्फ' म्हणायचं, की तो एका ड्रिंकचे पैसे तुमच्या बिलात धरतो.

मेन्यूत आईसाठी व्ही, म्हणजे व्हेजिटेरियन, लिहिलेलं मशरूमचं काहीतरी होतं. तिने त्यातले चिप्स खाल्ले, मटार खाल्ले, आणि मशरूम बाबांच्या ताटात सरकवले.

आता बाबा. बाबा 31 वर्षं पाटबंधारे खात्यात, त्यातली बरीचशी धुळे-साक्री भागात, माणूस उभ्या आयुष्यात दारूला शिवलेला नाही. ते माझ्याबरोबर बारपर्यंत आले आणि त्या लाकडी दांड्यांकडे बघत उभे राहिले. लँडलॉर्ड दांडा पुढे ओढायचा, ग्लासात थोडी बिअर यायची, परत सोडून परत ओढायचा. बाबा म्हणाले, हा तर हातपंप आहे. मी म्हणलं हो, त्याला हँडपंपच म्हणतात. खाली तळघरात पिंप असतं, त्यात बिअर अजून आंबतच असते, वरून गॅस मारत नाहीत, म्हणून हाताने उपसून वर आणावी लागते. आणि मग माझ्या वडिलांनी, आई टेबलावर पाठमोरी बसलेली बघून, मला हळूच विचारलं, "थोडीशी मिळते का, बघण्यापुरती?"

मिळते. चव घ्यायला बोटभर ग्लासात फुकट देतात, मागायला लाजू नये. त्यांना तिथल्याच डाउनटन गावच्या ब्रुअरीची समर लायटनिंग दिली, मग हाफ, म्हणजे अर्धा पाइंट, घेतला. पहिला घोट घेऊन म्हणाले, कोमट आहे की. लँडलॉर्डला मी भाषांतर करून सांगितलं तर तो दुखावला, म्हणाला कोमट नाही, तळघराच्या तापमानाची आहे, 11 ते 13 डिग्री, याहून गार केली तर चवच मरते. बाबांनी मान डोलावली, माठातल्या पाण्यासारखं म्हणाले. हे भाषांतर करायला मला बराच वेळ लागला, पण त्या माणसाला ते इतकं आवडलं की पुढचे तीन दिवस तो बाबांशी माझ्याशिवायच बोलत होता, एक इंग्लिशमध्ये, एक हातवाऱ्यांमध्ये. आईने अर्थातच पाहिलं होतं. एवढंच म्हणाली, नाशकात कोणाला बोलू नका.

शनिवारी सॉल्सबरी. तिथे मंगळवार-शनिवार बाजार भरतो, 1227 च्या सनदेपासून, आणि भरतो म्हणजे खरंच भरतो, भाजी, चीज, मासे, स्वस्त मोजे. आईने कोथिंबिरीची चौकशी केली आणि जुडीचा भाव ऐकून पुढे निघाली. कॅथेड्रलचा कळस मात्र बाजारातूनच दिसायला लागतो, 123 मीटर, ब्रिटनमधला सगळ्यात उंच. आत शिरल्यावर मॅग्ना कार्टा आहे, राजाच्या सत्तेला लगाम घालणारी सनद, 1215 च्या उरलेल्या चार प्रतींपैकी एक, एका छोट्या काळोख्या तंबूत ठेवलीये, अक्षर मुंग्यांएवढं, आईने हात जोडले का ते मला माहीत नाही. 1386 च्या सुमाराचं घड्याळ आहे ज्याला तबकडीच नाही, काटे नाहीत, नुसते लोखंडी चक्रं आणि दोरांना बांधलेले दगड, तासाला ठोके देण्यापुरतं. तेवढं बघून झालं असतं, पण खरी मजा पुढे होती.

एक आजोबा गाइड होते, स्वयंसेवक, खांद्यावरून पट्टा. ते सांगत होते की या सगळ्या इमारतीचा पाया फक्त 4 फूट आहे. बाबा थांबले. मला म्हणाले, परत विचार, चार मीटर म्हणाले असतील. विचारलं. चार फूटच. खाली खडी आहे, गारगोट्यांची, आणि त्या खडीत पाणी, चारी बाजूंनी नद्याच आहेत. 1220 ला बांधायला घेतलं आणि 1258 पर्यंत मुख्य इमारत पूर्ण, म्हणजे 38 वर्षांत, आणि पुढच्या शतकात कोणाला तरी वाटलं की यावर मनोरा आणि कळस चढवू, तर आणखी 6,500 टन वजन त्याच पायावर. मधल्या चौकात उभं राहून वर बघितलं तर पर्बेक दगडाचे गुळगुळीत खांब स्पष्ट वाकलेले दिसतात, धनुष्यासारखे. 1668 मध्ये वास्तुविशारद क्रिस्टोफर रेनने तपासलं तेव्हा कळस अडीच फुटाच्या आसपास कललेला निघाला. बाबा बराच वेळ मान वर करून उभे, ओठ हलताहेत, हिशोब चाललाय. मग म्हणाले, टेंडरच पास झालं नसतं.

आणि मग त्या आजोबांनी फरशीतलं एक छोटं झाकण उचललं, एक लांब काठी घेतली आणि आत सोडली. खाली पाणी किती आहे ते बघायला. दर वेळी बघतात, कारण ती खडी ओली असेपर्यंतच घट्ट बसते म्हणे, कोरडी पडली तर काळजी. काठी वर काढली, टोक ओलं. मी बाबांकडे बघितलं तर ते असे उभे होते की जणू धुळ्याच्या एखाद्या विहिरीवर पातळीची नोंद घ्यायला आलेत. विचार ना त्यांना, म्हणाले, मी एकदा टाकून बघू का. आजोबा गोड हसले आणि नाही म्हणाले. मागे पंचवीस जण उभे होते, बरोबरच आहे. पण बाबा खट्टू झाले ते झाले. गाडीत बसल्यावर त्यांना मी सांगितलं की आधीचं कॅथेड्रल इथे नव्हतंच, दोन मैलांवर ओल्ड सॅरमच्या टेकडीवर होतं, तिथे वारा, शेजारी किल्ल्यातले शिपाई भांडणारे, आणि मुख्य म्हणजे पाण्याची बोंब, म्हणून बिशपने गाव खाली नदीकाठी आणलं. तर म्हणाले, पुनर्वसन. आणि तेही पाण्याकडे. आपल्याकडे पाणी येतं म्हणून गाव उठवतात.

रविवारी सकाळी हार्नहमच्या वॉटर मेडोजमधून चाललो, कॅथेड्रलचं ते प्रसिद्ध दृश्य तिथूनच दिसतं, पण बाबांनी कॅथेड्रलकडे पाठ केली होती. कारण त्या कुरणांत पाट आहेत! सतराव्या शतकापासूनचे. मुख्य पाट, पोटपाट, लाकडी झडपा, उतार असा काढलेला की पाणी गवतावरून पातळ थरात वाहून पलीकडच्या चरातून परत नदीला मिळतं. खडूच्या खडकातून झिरपून येणारं ते पाणी हिवाळ्यातही फार गार होत नाही, ते गवतावरून खेळवलं की बर्फ धरत नाही आणि वसंतात मेंढ्यांना चारा लवकर. हे सांभाळणाऱ्या माणसाला ड्राउनर म्हणायचे, बुडवणारा. बाबा म्हणाले पाटकरी. आमच्या पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत हेच, बंधारा, पाट, आणि पाणी कोणाला कधी ते पाटकरी ठरवणार, शेतकऱ्याने हात लावायचा नाही. एका झडपेपाशी ते उकिडवे बसले आणि कुजलेली फळी कुठून गळतेय ते दाखवायला लागले. आई पुढच्या बाकावर बसून हंसांना पुरीचे तुकडे टाकायच्या बेतात होती, तिला थांबवलं.

त्या संध्याकाळी तिसरी चूक, आणि ही सगळ्यात महागात पडायची. रविवारी पबात दुपारी रोस्ट असतं, अख्खं गाव येतं, आणि चारला किचन बंद म्हणजे बंद. रात्री बार चालू असतो, जेवण नाही. आम्ही साडेसातला भुकेने कावून आलो तर फक्त क्रिस्प्स आणि शेंगदाणे. आई वर जाऊन पोहे भिजवणारच होती, तेवढ्यात लँडलॉर्डच्या बायकोने थांबा म्हणून आतून एका फळीवर ब्रेड, चेडरचा जाडजूड तुकडा, व्हिनेगरमधले कांदे, सफरचंद आणि ते तपकिरी आंबटगोड लोणचं आणून ठेवलं. प्लाउमन्स. नांगऱ्याचं जेवण. नाव ऐकून वाटतं शेकडो वर्षांचं आहे, ब्रेड-चीज जुनंच आहे पण हे नाव पबापबात पोचवलं ते 1950-60 च्या दशकांत चीज खपवणाऱ्यांनी. आईला त्याच्याशी काही घेणं नव्हतं, तिने ब्रेडवर चीज, त्यावर आपली शेंगदाण्याची चटणी, वर कांदा असं रचलं आणि पहिल्यांदाच तिथलं काही पोटभर खाल्लं. एक घास बाईंना पण दिला. त्यांना ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि चटणीचा डबा आम्ही निघेपर्यंत बारमागेच राहिला.

त्या रात्री बार अर्धा रिकामा होता. एक म्हातारा आणि त्याचा लॅब्राडॉर, कोपऱ्यात दोघं डार्ट्स खेळताहेत, चुलीत लाकूड, मे महिना असून. कोणी कोणाशी बोलत नव्हतं आणि तरी सगळे एकत्रच बसलेत असं वाटत होतं. साडेदहाला लँडलॉर्डने घंटा वाजवली, लास्ट ऑर्डर्स. आई दचकून म्हणाली, आरती आहे का? आणि नंतर स्वतःच हसत सुटली.

सोमवारी तो पब बंदच असतो, फक्त राहणाऱ्यांना ब्रेकफास्ट. आईने टोस्ट, बीन्स, टोमॅटो घेतलं, अंड्याला नको म्हणाली. मी बिल द्यायला गेले तर लँडलॉर्ड म्हणाला, तुझे वडील कुठेत, आज मी पाइप धुतोय, त्यांना खाली यायचंय का. मी म्हणलं विचारायची गरजच नाही.

बारमागच्या फरशीतली झडप उचलली की खाली विटांचा जिना. गार, ओलसर, यीस्टचा वास, आंबवलेल्या इडलीच्या पिठाच्या जवळपास जाणारा. लाकडी घोडीवर चार पिंपं आडवी निजवलेली, छोटं पिंप म्हणजे फर्किन, 9 गॅलन, 72 पाइंट. प्रत्येकाच्या पोटावर एक भोक, त्यात लाकडी खुंटी, ती सैल-घट्ट करून आतला गॅस किती सोडायचा ते ठरतं. एकदा पिंप चालू केलं की तीनेक दिवसांत संपवायचं, नाहीतर आंबट होऊन मोरीत. म्हणून रोज मोजायचं. आणि त्याने भिंतीवरच्या खिळ्याची एक काठी काढली, खुणा केलेली.

बाबा माझ्याकडे बघून काही बोलले नाहीत. लँडलॉर्डने खुंटी उपसली, एका चिंधीने काठी पुसली आणि बाबांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, काठी सरळ, एकदम सरळ, तळाला टेकेपर्यंत सोडली, क्षणभर थांबले आणि वर काढली. अंगठ्याने ओली रेघ धरून दिव्याखाली नेली.

"लिही," मला म्हणाले. "दोन गॅलन, वर बोटभर."

लिहायला माझ्याकडे काही नव्हतं, मग फोनमध्येच लिहिलं.